न दिसलेल्या फटक्यांचा तक्ता

मी आइस हॉकी खेळत नाही. बर्फावर मला धड उभंही राहता येत नाही. तरी गेली अकरा वर्षं मी दक्षिण जर्मनीतल्या दुसऱ्या श्रेणीच्या एका आइस हॉकी क्लबात नोकरी करतो. काम एवढंच, की सामन्यात आमच्या गोलाकडे आलेला प्रत्येक फटका मोजायचा. कुठून आला, किती वेगाने आला, मध्ये कोणी होतं का, अडला की आत गेला. एका हंगामात असे साधारण दीड हजार फटके होतात. त्यांतला एकही मी सोडलेला नाही. एकदा तापामुळे सामन्याला जाता आलं नाही, तेव्हा ते फटके नंतर चित्रीकरण पाहून लिहून काढले.

क्लबाचं नाव लिहीत नाही आणि माणसांची नावं बदलली आहेत. आकडे मात्र बदललेले नाहीत. ते मला जमत नाही.

मूळचा मी मोजमाप खात्यातला इंजिनियर. पुण्यात शिकलो आणि इथल्या नेकारसुल्म गावच्या मोटार कारखान्यात लागलो. तिथे गाडीचं दार आणि सांगाडा यांच्यातली फट कॅमेऱ्याने मोजायची, हे माझं काम. फट वरपासून खालपर्यंत सारखी हवी. मिलिमीटरच्या दशांशाने फरक पडला तरी आमच्या खात्यात चर्चा होते. याच खात्यातून होर्स्ट नावाचा माणूस निवृत्त झाला. तरुणपणी तो गोलरक्षक होता, पुढचे दोन दात खोटे आहेत, आणि निवृत्तीनंतर तो क्लबातल्या गोलरक्षकांना शिकवायचा. एक दिवस कॅन्टीनमध्ये भेटायला आला आणि म्हणाला, "तू दारांच्या फटी मोजतोस ना? मग ये, आमच्या गोलरक्षकाच्या मोज."

मला वाटलं, थट्टा करतोय. ती थट्टा नव्हती. गोलरक्षक म्हणजे एक न बसणारं दारच असतं. गोलाची चौकट १.८३ मीटर रुंद आणि १.२२ मीटर उंच. एवढी जागा एका माणसाने भरायची. बगलेत, गुडघ्यांमध्ये, खांद्यावर कुठे ना कुठे फट राहते आणि समोरचे लोक तीच शोधत असतात. मी आधी फक्त शनिवार-रविवार जात होतो. मग कारखान्यात टाइलत्साइट मागून घेतलं, म्हणजे अर्धवेळ काम, आणि उरलेला आठवडा क्लबाला दिला. नाशिकच्या माझ्या सासूबाईंना हे फोनवर कळलं तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला, "अहो विनायकराव, खेळ बघण्याचा पगार देतात तिथे?" मी हो म्हणालो. त्यांनी फोन बायकोकडे द्यायला सांगितलं.

पहिल्या काही वर्षांत मी काही बऱ्या गोष्टी केल्या. त्यांतली सर्वांत गाजलेली आधी सांगतो, कारण पुढे तिची गरज लागणार आहे. समोरचा खेळाडू लांबून फटका मारायला हात उचलतो तेव्हा आपल्या बचावपटूने बाजूला व्हावं की फटक्याच्या रेषेत उभं राहून तो अंगावर घ्यावा, हा जुना वाद आहे. जुने लोक म्हणतात, बाजूला व्हा. मी दोन हंगामांचे फटके काढले आणि ट्रेनरला दाखवलं, की अंगावर घेतलेला फटका गोलापर्यंत पोचतच नाही, आणि आपण असे फटके इतर संघांपेक्षा फार कमी घेतो. ट्रेनर बव्हेरियाचा, मोठ्या आवाजाचा माणूस. त्याला हे इतकं पटलं, की ड्रेसिंग रूममध्ये एक फळा लागला. प्रत्येक सामन्यानंतर ज्याने सर्वांत जास्त फटके अंगावर घेतले त्याचं नाव त्यावर लिहायचं आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. पोरं निळीजांभळी होऊन हसत घरी जाऊ लागली. त्या फळ्याकडे पाहून मला बरं वाटायचं.

आता फाबियान. मी क्लबात आलो तेव्हा तो आमचा पहिला गोलरक्षक होता आणि पुढची कितीतरी वर्षं राहिला. उंची बेताची, एक मीटर ब्याऐंशी. शांत, घरी दोन मुलं, दुपारी झोपणारा. सामन्याच्या दिवशी एक पद्धत होती आणि ती सगळा क्लब पाळायचा. जो गोलरक्षक खेळणार असेल त्याच्याशी दुपारी बारापासून शेवटची शिट्टी होईपर्यंत कोणी बोलायचं नाही. नमस्कार नाही, चमत्कार नाही. पहिल्या वर्षी मी न कळून त्याला "कसा आहेस?" विचारलं. तो माझ्याकडे न बघता निघून गेला आणि होर्स्टने मला कोपऱ्यात घेऊन समज दिली. इथे ट्रेनरपासून बर्फ घासणाऱ्या माणसापर्यंत सगळे एकमेकांशी अरे-तुरे करतात, पण हा नियम कोणी मोडत नाही.

फाबियान उत्तम होता, हे मी प्रेमाने नाही, मोजून सांगतो. तो उत्तम का होता तेही सांगतो, कारण बाहेरच्या माणसाला वाटतं की गोलरक्षकाचे हात चपळ असतात. हात सगळ्यांचेच चपळ असतात. चकती, जिला पक म्हणतात, कडक रबराची असते, तळहातात मावेल एवढी. गोलापासून साधारण अठरा मीटरवर बर्फात एक निळी रेषा असते. तिथून ताशी एकशेतीस किलोमीटर वेगाने मारलेली चकती अर्ध्या सेकंदात गोलाशी येते. माणसाला काही दिसल्यापासून हात हलेपर्यंत सेकंदाचा पाचवा भाग जातो. चांगला गोलरक्षक म्हणूनच चकतीची वाट बघत बसत नाही. तो मारणाऱ्याची काठी बघतो, मनगट बघतो, वजन कोणत्या पायावर आहे ते बघतो. चकती काठीवरून सुटते तेव्हा त्याचं अर्धं उत्तर तयार असतं. फाबियान यात सगळ्यांच्या पुढे होता. चित्रीकरण सावकाश लावून पाहिलं तर त्याचा खांदा चकतीच्या आधी हललेला दिसायचा.

झाकलेला फटका म्हणजे ज्यात मध्ये कोणीतरी उभं असल्यामुळे हे सुरुवातीचं काही दिसत नाही. समोरचे संघ मुद्दाम एक धिप्पाड माणूस गोलापुढे चार-पाच मीटरवर उभा करतात. चकती त्याच्या मागून बाहेर येते तेव्हा उरलेला वेळ सेकंदाच्या सातव्या भागाएवढा असतो. हात हलायच्या आत ती आत.

माझ्या सातव्या हंगामात फाबियान तेहेतीस वर्षांचा होता आणि त्याचा करार हंगामाअखेर संपणार होता. त्याचे झाकलेल्या फटक्यांवरचे आकडेही दोन वर्षांत घसरत गेले होते. उघड्या फटक्यांत तो शंभरातले पंचाण्णव अडवत होता. झाकलेल्यांत ऐंशी. दुसरा गोलरक्षक नील्स, एक मीटर चौऱ्याण्णव उंच आणि दहा वर्षांनी लहान, उघड्यांत एक्याण्णव आणि झाकलेल्यांत पंच्याऐंशी. म्हणजे उघडा फटका असेल तर फाबियान चांगला, झाकलेला असेल तर नील्स. ट्रेनरने कारण विचारलं, तेव्हा मी मला वाटलं ते सांगितलं: वय होतंय, उशिरा दिसतंय. फाबियानला मी स्वतः सुचवलं, की एकदा डोळे तपासून घे.

डोळ्यांच्या डॉक्टरचा टेर्मिन, म्हणजे भेटीची वेळ, मिळायला इथे आठवडेच्या आठवडे जातात. फाबियानने थांबून तो घेतला, तपासणी करून घेतली आणि एक दिवस माझ्या टेबलावर कागद आणून ठेवला. दोन्ही डोळे सामान्य माणसापेक्षा चांगले.

"हे तुझ्या कोणत्या रकान्यात लिहितोस?" त्याने विचारलं.

मी तो कागद 'इतर' नावाच्या फाइलमध्ये लावला. मला तेव्हा तेवढंच सुचलं.

त्या जानेवारीत सासूबाई आमच्याकडे आल्या होत्या. बायकोचा जाड कोट, दोन मोजे आणि माझी लोकरी टोपी घालून त्या एका रविवारी दुपारी सामन्याला आल्या. माझी जागा वर छताजवळ, कॅमेऱ्यापाशी. तिथे जायचा जिना अरुंद, म्हणून त्या खाली गोलामागच्या उभ्या प्रेक्षकांत बायकोबरोबर थांबल्या. त्यांच्यापुढे आमच्याच संघाचे लाल मफलर घातलेली उंच मंडळी. घरी परतताना गाडीत मी विचारलं, कसं वाटलं. त्या म्हणाल्या, "मला काय दिसणार? पुढे आपलीच माणसं. आणि अहो, त्या उशा बांधलेल्या माणसाचंही तसंच होतं की. त्याच्यापुढे आपलीच लाल सदऱ्याची माणसं उभी. तो बिचारा या बाजूने बघतोय, त्या बाजूने बघतोय."

मी त्यांना नीट समजावून सांगितलं, की ते बचावपटू आहेत, ते फटका अंगावर घेतात, त्यातच संघाचा फायदा आहे, आणि ही पद्धत माझ्याच आकड्यांवरून सुरू झालेली आहे. "असं होय," म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघत बसल्या. ते बोलणं मी तिथेच विसरलो.

मार्चमध्ये प्ले-ऑफ, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांचे सामने, सुरू होणार होते. पहिल्या फेरीत आमच्यासमोर जो संघ आला त्यांच्याकडे एक मीटर अठ्ठ्याण्णव उंचीचा एक माणूस होता, ज्याला गोलापुढे उभं राहण्यापलीकडे फारसं काही येत नव्हतं, पण तेवढं तो फार चांगलं करायचा. चार सामने जो आधी जिंकेल तो पुढे. पहिला सामना शुक्रवारी आमच्या मैदानावर. सोमवारी बैठकीत ट्रेनरने माझा तक्ता भिंतीवर लावला, त्या ऐंशी आणि पंच्याऐंशीवर बोट ठेवलं आणि नील्स खेळेल असं जाहीर केलं. प्ले-ऑफमध्ये बाकावर बसलेल्या तेहेतीस वर्षांच्या गोलरक्षकाला नवा करार कोणी देत नाही, हे खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. त्या दोन आकड्यांवर एका माणसाची नोकरी गेली होती आणि आकडे माझे होते.

बैठक संपल्यावर फाबियान माझ्यापाशी आला. रागावलेला नव्हता. त्याने विचारलं, "तू कधी तिथे बसून बघितलंयस?"

"कुठे?"

"गोलात."

मी नाही म्हणालो. सात वर्षांत मी सगळं छतावरून पाहिलं होतं. छतावरून सगळं स्वच्छ दिसतं, म्हणून तर कॅमेरा तिथे आहे. माझा नियमही तिथूनच ठरलेला: मारणाऱ्याच्या काठीपासून गोलाच्या मधोमध एक सरळ रेघ ओढायची, रेघेवर कोणाचंही शरीर असेल तर फटका झाकलेला. कोणाचं शरीर, हे मी लिहीत नव्हतो. शरीर ते शरीर.

बुधवारी सकाळी सराव संपल्यावर होर्स्टने मला बर्फावर नेलं. बुटांना रबरी पट्ट्याचे काटे बांधले, फाबियानचा मुखवटा डोक्यावर चढवला, ज्याला जुन्या मोज्यांचा वास येत होता, आणि मला गोलात गुडघ्यांवर बसवलं. होर्स्ट आमचा लाल सदरा घालून माझ्यापुढे चार मीटरवर उभा राहिला. फाबियान निळ्या रेषेवर काठी घेऊन. चकतीऐवजी त्यांनी लहान मुलं खेळतात तो नारंगी रबरी चेंडू घेतला, कारण मला इजा झाली तर तक्ता कोण भरणार, असं होर्स्ट म्हणाला.

पहिले पाच चेंडू मला दिसले नाहीत. म्हणजे उशिरा दिसले असं नाही. मागे जाळी हलली तेव्हा कळलं, की येऊन गेले. माझ्या डोळ्यांपुढे फक्त लाल पाठ होती.

"आता बाजूने बघ," फाबियान ओरडला.

मी होर्स्टच्या डाव्या हातापलीकडे मान काढली. क्षणभर काठी दिसली. लगेच होर्स्टही डावीकडे सरकला आणि पुन्हा पाठ. उजवीकडे वाकलो, फाबियाननेही चेंडू उजवीकडे घेतला, होर्स्ट उजवीकडे. मला वाटलं, तो मुद्दाम करतोय. मी तसं म्हणालोही.

होर्स्ट वळून म्हणाला, "मुद्दामच. मला फळ्यावर नाव हवंय ना."

मी गुडघ्यांवर बसूनच राहिलो. पॅन्ट भिजली होती. समोरच्या संघाचा धिप्पाड माणूस एका जागी उभा असतो. त्याच्या डावीकडून किंवा उजवीकडून बघायला फट मिळते, आणि फाबियानसारखा माणूस ती शोधतो. पण आपला बचावपटू फटका अंगावर घ्यायला निघालेला असतो. तो चकतीच्या रेषेत सरकत राहतो. गोलरक्षकाला दिसायला हवी तीच ती रेषा. दोघं एकाच जागेसाठी धडपडतात आणि पुढे असलेला जिंकतो. त्याने फटका अडवला तर फळ्यावर नाव. तो त्याच्या काखेतून निसटला तर गोल, आणि तो गोल मी फाबियानच्या खात्यात 'झाकलेला' म्हणून लिहीत होतो.

नील्सला याचा त्रास का होत नव्हता, तेही तिथे कळलं. नील्स बघतच नव्हता. समोर गर्दी दिसली की तो गुडघे टेकायचा, हात पसरायचा आणि चौकट भरून टाकायचा. त्याच्या उंचीला ते परवडायचं. ज्याचं कौशल्य बघण्यात नाही त्याच्यापुढे पडदा धरला तरी त्याचं काय जाणार? फाबियानचं सगळं कौशल्य बघण्यात होतं. तो शेवटपर्यंत शोधायचा, मान गेली की खांदा जायचा, वजन एका पायावर यायचं आणि दुसऱ्या बाजूला फट पडायची.

मी हे मोठ्याने बोलून दाखवलं. "जेनाऊ," फाबियान म्हणाला. जर्मनीत 'अगदी बरोबर' म्हणायला हा शब्द दिवसातून शंभरदा वापरतात. त्या दिवशी तो मला लागला.

गुरुवारी कारखान्यात सुट्टी टाकली आणि सकाळी जेवणाच्या टेबलावर संगणक मांडून बसलो. त्या हंगामात फाबियानवर झाकलेल्या फटक्यांचे एक्केचाळीस गोल झाले होते. प्रत्येक गोल पुन्हा लावला आणि नवा रकाना केला: सदरा कोणाचा. बायको मध्ये चहा ठेवून गेली, तो निवला. दुपारी दोनपर्यंत मोजणी झाली. समोरच्या संघाचा माणूस मध्ये असताना पंधरा. आपलाच माणूस मध्ये असताना सव्वीस. पुन्हा मोजले. सव्वीस. मग फळा लागायच्या आधीच्या हंगामाचे काढले. आपल्याच माणसामुळे झालेले गोल तेव्हा सात होते.

सासूबाई तोवर नाशिकला परतल्या होत्या. संध्याकाळच्या फोनवर बायकोने त्यांना सांगितलं, की तुमचं बरोबर होतं. त्यांना कशाबद्दल ते आठवत नव्हतं.

शुक्रवारी सकाळी मी ट्रेनरकडे गेलो. खरं सांगायचं तर आदल्या दिवशी मनात आलं होतं, की प्ले-ऑफ होऊन जाऊ देत, मग सावकाश सांगू. तक्ता खोटा नव्हता. प्रत्येक आकडा बरोबर होता, मला कोणी काही म्हणू शकलं नसतं. पण 'इतर' फाइलमधला तो डोळ्यांचा कागद मला दिसत होता.

ट्रेनरने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाला, "आल्झो, तर मग. दोन वर्षांपूर्वी तू मला सांगितलंस, फटके अंगावर घ्यायला लाव. आज सांगतोस, बाजूला काढ."

"हो."

"मग मी आज तुझं का ऐकू?"

"कारण त्या वेळी मी अडलेले फटके एका तक्त्यात लिहिले आणि निसटलेले दुसऱ्या तक्त्यात. पहिल्यावर तुझ्या पोरांची नावं होती, दुसऱ्यावर फाबियानचं. दोन्ही तक्ते मी कधी शेजारी ठेवले नाहीत. चूक माझी आहे, त्याची नाही."

त्याने सव्वीस या आकड्याखाली पेनने एक रेघ ओढली. मग म्हणाला, की आजचा संघ जाहीर झालाय, नील्सला सांगून झालंय, आता बदलणार नाही. एवढं बोलून तो उठला.

त्या दुपारी मी कॉफी घ्यायला बोळातून जात होतो. बारा वाजून गेले होते. फाबियान सायकलच्या यंत्रावर पाय चालवत बसला होता आणि त्याच्याभोवती तीन-चार जण उभे होते. कोणी हवामानाचं बोलत होतं, कोणी मुलांच्या शाळेचं. तोही उत्तरं देत होता. सात वर्षांत सामन्याच्या दिवशी बाराच्या नंतर त्याला बोलताना मी पहिल्यांदा पाहिलं. सगळे त्याच्याशी फार चांगलं वागत होते. मी तिथे थांबलो नाही.

तो सामना आम्ही पाच-दोन असा हरलो. पाचातले तीन गोल झाकलेले, आणि त्या तिन्हींत मध्ये लाल सदरा. नील्सचा दोष नव्हता, हे मी तक्त्याखाली लिहून दिलं. कोणी विचारलं नव्हतं.

शनिवारी सरावाला गेलो तेव्हा फळा भिंतीवर नव्हता. खिळे तेवढे होते. ट्रेनरने बचावपटूंना रांगेत उभं केलं आणि सांगितलं, की फटका अंगावर घ्यायचा असेल तर मारणाऱ्याच्या अगदी जवळ जाऊन घ्या, तिथे तो नक्की लागतो. तेवढं जवळ पोचता येत नसेल तर रेषेतून बाहेर व्हा आणि गोलरक्षकाला बघू द्या. अर्ध्यावर उभं राहून पडदा धरायचा नाही. मग समोरच्या धिप्पाड माणसाचं काय, असं एकाने विचारलं. "तो फाबियानचा प्रश्न आहे," ट्रेनर म्हणाला. फाबियान खेळणार, हे आम्हा सगळ्यांना असं कळलं.

रविवारी दुपारी बोळात तो समोरून आला. सवयीने माझं तोंड उघडलं, आणि तो माझ्याकडे न बघता, खांदा चुकवून निघून गेला. इतकं बरं मला त्या इमारतीत क्वचितच वाटलं असेल.

दुसरा सामना जिंकलो. तिसरा हरलो. पुढचे तीन ओळीने जिंकून फेरी पार केली. पुढच्या फेरीत आम्ही बाहेर पडलो, तेही लिहायला हवं. फाबियानला दोन वर्षांचा करार मिळाला, तो त्याने पुरा केला, आणि आता होर्स्टच्या जागी तोच गोलरक्षकांना शिकवतो. माझ्या तक्त्यात आता दोन नवे रकाने आहेत. एक, सदरा कोणाचा. दुसरा मला छतावरून भरता येत नाही. सामना संपल्यावर कागद घेऊन खाली जायचं आणि गोलरक्षकाला एकेका फटक्याचं विचारायचं: दिसला, उशिरा दिसला, की नाही दिसला. वीस मिनिटं लागतात. एवढं सोपं काम मी सात वर्षं केलं नव्हतं, याचं वाईट वाटतं. त्या सात वर्षांचे न विचारलेले फटके आता कोणालाच सांगता येणार नाहीत.

हा रकाना पहिल्यांदा भरला तो त्या पहिल्या फेरीच्या सहाव्या सामन्यानंतर, समोरच्यांच्या मैदानावर. आम्ही दोन-एक असे जिंकलो होतो. शेवटच्या मिनिटाला निळ्या रेषेवरून एक जोरदार फटका आला. आमचा बचावपटू सांगितल्याप्रमाणे बाजूला झाला, पण तो एक मीटर अठ्ठ्याण्णव जागचा हलला नाही. छतावरून मला वाटलं, गेला. चकती फाबियानच्या उजव्या खांद्याला लागून जाळीवरून पलीकडे गेली. शिट्टी झाल्यावर मी ड्रेसिंग रूममध्ये गेलो. तो पायांच्या गाद्या सोडत बाकावर बसला होता. बोलायची बंदी उठली होती. मी एकेक क्रमांक वाचत गेलो. दिसला, दिसला, उशिरा दिसला. सत्ताविसाव्यावर, त्या शेवटच्या मिनिटातल्या फटक्यावर आलो.

"नाही दिसला," तो म्हणाला.

"अजिबात?"

"अजिबात. काठी वर गेली तेवढी दिसली."

"मग अडवलास कसा?"

त्याने गादीचा शेवटचा पट्टा सोडला आणि ती बाजूला ठेवली.

"शोधलं नाही मी. तिथेच राहिलो."

मी 'नाही दिसला' असं लिहिलं, पुढच्या चौकटीत 'अडवला' असं लिहिलं, आणि अठ्ठाविसावा विचारला.